चढ कोणाचा, उतार कोणाचा

फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी टंगमर्गच्या बाजारात मराठी माणसं ओळखायला कष्ट पडत नाहीत. मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारलेली असते, सॅकमध्ये बाकरवडीचा पुडा असतो आणि "अहो, दोन मोजे घातलेत ना?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी कुठून तरी ऐकू येतो. दुकानांच्या दारांत गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट आणि पोटऱ्यांपर्यंत लोंबणारे कोट ओळीनं टांगलेले असतात. कॉलरला नकली केसांची झालर. कोट भाड्याचा, आधीच्या कितीकांनी घातलेला, आणि मापाचा असणं जवळजवळ अशक्य. दहा मिनिटांत सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक, सुरतेचे कापडव्यापारी आणि कोलकात्याचं नवं जोडपं एकसारखं दिसू लागतं. मग लगेच फोटो होतात. गुलमर्ग अजून १३ किलोमीटर वर असतं.

श्रीनगरपासून गुलमर्ग जेमतेम ५० किलोमीटर. त्यातला टंगमर्गनंतरचा शेवटचा तुकडा जंगलातून वळणं घेत सुमारे ५०० मीटर वर नेतो. बर्फ पडलेला असला की इथे गाड्या थांबवल्या जातात. चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच पुढे सोडतात. खालून आलेला टेम्पो ट्रॅव्हलर तिथेच राहतो, सामान दुसऱ्या गाडीत चढतं, भाव ठरतो, मोडतो, पुन्हा ठरतो. वर पोचल्यावर समोर येतं ते २,६५० मीटर उंचीवरचं पांढरं खोलगट मैदान, कडेनं काळपट हिरवी झाडं आणि त्यांच्या डोक्यावर अफरवट डोंगराचा लांबच लांब उघडा उतार. या मैदानाखाली गोल्फचं मैदान निजलेलं आहे, हे सांगूनही खरं वाटत नाही.

काश्मिरी पंचांगात हिवाळ्याचे तीन भाऊ आहेत. २१ डिसेंबरला येणारा चिल्लई कलान सगळ्यांत थोरला आणि तापट. तो ४० दिवस मुक्काम ठोकतो. त्याच्या मागून २० दिवसांचा चिल्लई खुर्द येतो आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. थोरल्याच्या काळात नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फाची साय धरते आणि पेहरणच्या आतली निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरल्याशिवाय बाहेर पडवत नाही. धाकटे दोघं येईपर्यंत दिवस लांबलेला असतो, दुपारचं ऊन अंगाला लागतं, पण डोंगरावर मात्र तीन महिन्यांचा बर्फ थरावर थर साचून पुरता जाड झालेला असतो. थंडी ओसरायला लागलेली आणि बर्फ सर्वांत खोल, असे हे थोडे आठवडे असतात. गुलमर्गचा खरा खेळ याच आठवड्यांत रंगतो.

खेळाची सुरुवात स्लेजपासून होते. स्लेज म्हणजे लाकडी फळी, खाली दोन पट्ट्या, पुढे दोर. फळीवर पर्यटक पाय पसरून बसतो आणि दोर खांद्यावर घेतलेला माणूस त्याला ओढत चढावर नेतो. वर गेल्यावर भूमिका बदलते: ओढणारा फळीवर पुढे बसतो, पर्यटक त्याला मागून मिठी मारतो आणि दोघं खाली घसरत येतात. ब्रेक म्हणजे त्या माणसाच्या बुटांच्या टाचा. बर्फाचे तुषार उडतात, मागच्या माणसाच्या तोंडून लहानपणी निघत असे तसला आवाज निघतो, आणि काही सेकंदांत सगळं संपतं. त्या काही सेकंदांसाठी दोरवाल्यानं ऐंशी-नव्वद किलोंचं ओझं विरळ हवेत वर ओढलेलं असतं. पुढचं गिऱ्हाईक उभं असलं तर तो श्वास घ्यायलाही थांबत नाही.

अनेक पर्यटकांना हे पहिल्यांदा पाहताना अवघड वाटतं. धडधाकट माणसानं दुसऱ्या माणसाला ओढायला लावायचं, ही गोष्ट आपल्याकडे माथेरानच्या हातरिक्षांनी वादात आणून ठेवलेली आहे. म्हणून काहीजण स्लेज नको म्हणतात आणि चालत निघतात. मग दोरवाला त्यांच्या बरोबरीनं चालू लागतो. भाव उतरवत, हवामान सांगत, घरची परिस्थिती सांगत तो शेवटपर्यंत साथ सोडत नाही. त्याच्या दृष्टीनं पर्यटकाची ही सहृदयता म्हणजे बुडालेली मजुरी. टंगमर्गच्या आसपासच्या खेड्यांतून पहाटे वर आलेली ही माणसं उन्हाळ्यात घोडे हाकतात, बागांत राबतात किंवा बांधकामावर जातात. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली असतात. त्यामुळे त्यांच्या घरातला माघ-फाल्गुन या फळीवरच चालतो. सरकारी दरफलक जागोजागी लावलेले असले, तरी प्रत्येक फेरीची किंमत दोन माणसांच्या चिकाटीवरच ठरते, आणि त्यात साताऱ्याच्या एखाद्या काकूंनी काश्मिरी माणसाला हरवल्याचंही दिसतं.

गुलमर्गचा सगळा हिवाळी खेळ याच एका व्यवहारावर उभा आहे. घसरायचं सगळ्यांनाच असतं. त्याआधी वर कोण चढवणार, एवढाच प्रश्न असतो. गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली.

पहिलं उत्तर होतं, आपले आपण. ब्रिटिश अधिकारी उन्हाळ्यात इथे गोल्फ खेळायला येत; १९०२ साली बांधलेलं सेंट मेरी चर्च त्या वस्तीची साक्ष देत मैदानाच्या उंचवट्यावर अजून उभं आहे. पुढे त्यांतल्या काहींना हिवाळ्यातही वर येण्याची हौस आली आणि १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. नाताळात आणि ईस्टरला मेळावे भरत. लिफ्ट नव्हती. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी बांधायची, म्हणजे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, आणि अर्धा दिवस गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग कुरणापर्यंत किंवा त्याही वर चढायचं. मग पट्ट्या सोडायच्या आणि थोड्या मिनिटांत खाली यायचं. अर्थात जेवणाचे डबे, तंबू आणि ब्रँडीच्या बाटल्या वाहायला काश्मिरी हमाल असतच. तेव्हा आपले आपण हे उत्तरही तसं पुरतं खरं नव्हतं.

दुसरं उत्तर सैन्यानं दिलं. १९४७-४८ च्या युद्धानं एक गोष्ट स्पष्ट केली होती, की यापुढे देशाच्या सरहद्दीचा मोठा भाग बर्फात उभं राहून सांभाळावा लागणार. १९४८ मध्येच गुलमर्गला सैन्याची स्की शाळा सुरू झाली. पुढे तीच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. अफरवटच्या पलीकडे नियंत्रण रेषा फार लांब नाही. इथे शिकलेल्या जवानांना घसरण्यापेक्षा चढण्याचीच गरज जास्त. या शाळेचे प्रमुख असताना कर्नल नरेंद्र कुमार यांनी १९७८ मध्ये सियाचीन हिमनदीवर मोहीम नेली आणि त्यांनी आणलेली माहिती १९८४ च्या कारवाईत उपयोगी पडली. गुलमर्गच्या उतारावर एका बाजूला पर्यटक आरडाओरडा करत असतात आणि दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या कपड्यांतली रांग पाठीवर सामान घेऊन निमूट वर जात असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही उंचावरच्या तैनातीला जातात. कोकणात किंवा कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला बर्फात पाय कसा टाकायचा हे कुणीतरी शिकवावंच लागतं.

तिसरं उत्तर यंत्राचं. १९६८ मध्ये रुडॉल्फ मॅट या ऑस्ट्रियन स्कीतज्ज्ञाला सरकारनं हिमालयात हिवाळी खेळांसाठी जागा शोधायला सांगितलं आणि त्यांनी गुलमर्गवर बोट ठेवलं. त्याच सुमारास पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था इथे सुरू झाली. छोट्या उतारांवर माणसांना ओढून नेणाऱ्या दोरलिफ्टा आल्या. मोठ्या गोंडोलाचं काम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, पण काश्मीर पेटलं आणि ते थांबलं. पहिला टप्पा १९९८ मध्ये चालू झाला, तो गुलमर्गपासून डोंगराच्या मध्यावरच्या कोंगडोरीपर्यंत. दुसरा टप्पा २००५ मध्ये थेट अफरवटच्या खांद्यापर्यंत गेला. फ्रेंच बनावटीची ही तारगाडी आज जगातल्या सर्वांत उंच गोंडोलांपैकी एक आहे. सहा माणसं बसतील अशी बंद डबी, खाली देवदारांचे शेंडे, आणि विसेक मिनिटांच्या झुल्यात गुलमर्गपासून चार हजार मीटरच्या घरात. ब्रिटिशांना जिथे पोचायला तासन्तास लागत, तिथे आता नाश्ता पचायच्या आत पोचता येतं.

शरीराला मात्र एवढी घाई पटत नाही. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. आदल्या रात्री मुंबईत झोपलेला माणूस डबीतून उतरून दहा पावलं धावला, की गुडघे टेकतो. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला मळमळतं. टूर मॅनेजर पिशवीतून कापराच्या पुड्या काढून वाटत जातो. कापरानं प्राणवायू वाढत नाही, पण नाकाला बरं वाटतं आणि माणूस दोन मिनिटं स्वस्थ उभा राहतो, हाच त्याचा खरा उपयोग. आभाळ स्वच्छ असलं तर उत्तरेला नंगा पर्वत दिसतो. तिथे उभं राहून अर्धे लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि उरलेले अर्धे परतीच्या रांगेत लागतात.

एकाच डबीत दोन जातींचे प्रवासी असतात. एक जण भाड्याच्या कोटात, हातात मक्याचं कणीस किंवा मॅगीचा कागदी वाडगा घेतलेला. दुसरा पाठीवर फावडं, खांद्यावर रुंद स्की, तोंडावर गॉगल आणि ओठांवर पांढरा मलम. हा दुसरा रशिया, पोलंड, ऑस्ट्रेलिया, स्वीडन असल्या ठिकाणांहून आलेला असतो आणि महिनाभर गुलमर्गच्या एखाद्या साध्या हॉटेलात राहतो. युरोपातल्या नावाजलेल्या गावांत झिजवून गुळगुळीत केलेले उतार त्याला नको असतात. गोंडोलाच्या वरच्या स्थानकापासून दोन्ही बाजूंना पसरलेला अस्पर्श, कोरडा, हलका बर्फ त्याला हवा असतो. आदल्या रात्री मोठा बर्फ पडला असेल, तर सकाळी या मंडळींची रांग गोंडोलाचं दार उघडायच्या आधीच लागते. काही जण जंगलातून थेट बाबारेशीच्या दर्ग्यापर्यंत घसरत जातात आणि तिथून टॅक्सी करून पुन्हा वर येतात. खालून त्यांना वर आणणारा टॅक्सीवाला सहसा त्याच खोऱ्यातला असतो, आणि त्याचा मुलगा किंवा पुतण्या वर स्की शिकवत असतो.

या शिकवणाऱ्यांची गुलमर्गमध्ये एक वेगळीच जमात आहे. कुणाच्याही पायांत स्की बसवून, काखेत हात घालून त्याला पंधरा मिनिटं उभं ठेवण्याचं त्यांचं कसब अफाट आहे. पर्यटकाला वाटतं आपण स्कीइंग केलं. प्रत्यक्षात त्यानं एका धीराच्या माणसाच्या आधारानं काही यार्ड प्रवास केलेला असतो. खरं शिकायचं तर पर्यटन खात्याच्या स्कीइंग संस्थेचा दोन आठवड्यांचा वर्ग आहे. दर हिवाळ्यात त्यात पुण्या-मुंबईची गिर्यारोहणवेडी मुलंही असतात. सह्याद्रीत कातळ चढून आलेल्या या मुलांना पहिला धक्का असा बसतो की पहिले दिवस लिफ्टच नाही. स्की उताराला आडव्या धरून, एकेक पाऊल बाजूला टाकत वर चढायचं. पंधरा मिनिटं चढायचं आणि पंधरा सेकंद घसरायचं. घसरण्याआधी थांबायला शिकवतात: पुढची टोकं एकमेकींकडे, मागची टोकं लांब, आणि टाचा बाहेरच्या बाजूला दाबायच्या. त्याहीआधी पडायला शिकवतात. मांडीवर, कडेला, गुडघे न मुरडता. संध्याकाळी जेवणाच्या दालनात बसताना आणि उठताना जे आवाज येतात, त्यांवरून कोण कितव्या दिवशी आहे हे सांगता येतं.

चढायचं कुणी, या प्रश्नाला बर्फाच्या बाबतीतही उत्तर द्यावं लागतं. काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेले कमी दाबाचे पट्टे इराण, अफगाणिस्तान ओलांडत इथवर पोचतात आणि पीर पंजाल पर्वतरांगेच्या भिंतीला भिडतात. ढगांना ती चढून जावी लागते. चढताना ते गारठतात आणि ओलावा बर्फ होऊन खाली पडतो. गुलमर्ग त्या भिंतीला टेकून बसलेलं आहे, म्हणून खोऱ्यात दोन इंच पडतो तेव्हा इथे फूटभर पडतो. आणि ते पट्टे वाट चुकले, उत्तरेकडून निघून गेले किंवा आलेच नाहीत, तर गुलमर्गकडे दुसरा काही उपाय नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तसंच झालं. महिना संपत आला तरी मैदानावर करडं, वाळकं गवत दिसत होतं. आदल्या वर्षी याच तारखेला काढलेले पांढरे फोटो आणि त्या वर्षीचे तपकिरी फोटो शेजारीशेजारी ठेवून साऱ्या देशानं पाहिले. हॉटेलांची आरक्षणं रद्द झाली, स्लेजच्या फळ्या भिंतींना टेकून राहिल्या, घोडेवाल्यांनी हिवाळ्यातच घोडे बाहेर काढले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला होणारे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले आणि बर्फ आल्यावर २१ फेब्रुवारीला सुरू झाले. २०२५ मध्ये पुन्हा तीच कथा: फेब्रुवारीअखेरच्या तारखा बर्फाअभावी रद्द, आणि स्पर्धा ९ ते १२ मार्चला. खेळाचं वेळापत्रक असं सरकत सरकत वसंताकडे निघालं आहे. पर्यटकाचा यात एखादा फोटो हुकतो. खालच्या गावांत मात्र हा बर्फ म्हणजे साठवलेलं पाणी असतं. डिसेंबर-जानेवारीत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळाभर थोडा थोडा झिरपत ओढ्यांना, झेलमला, भातखाचरांना पुरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये उशिरा आलेला बर्फ उन्हाच्या पहिल्या तडाख्यात वाहून जातो. सफरचंदाच्या झाडालाही नीट मोहरायला थंडीचे ठरावीक तास लागतात. म्हणून कोरड्या जानेवारीत श्रीनगरच्या मशिदींतून बर्फासाठी प्रार्थना होतात. त्या प्रार्थनांमध्ये सफरचंद आणि स्लेज दोन्हींचाही वाटा असतो.

उशिरा आणि एकदम आलेला बर्फ धोक्याचाही असतो. आधी पडून राहिलेला पातळ बर्फ थंडीत हळूहळू सुटा होतो. त्याचे साखरेसारखे दाणे बनतात, एकमेकांना न धरणारे. त्यावर दोन दिवसांत तीन-चार फूट नवा बर्फ पडला, की वरचा जड थर खालच्या दाण्यांवर नुसता टेकलेला असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानंही तो सुटतो. अफरवटचे स्कीवाल्यांना आवडणारे उतार नेमके याच कोनाचे आहेत. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गमध्ये सरावावर असलेल्या सैन्याच्या तुकडीवर हिमकडा कोसळला आणि १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ ला, खाली मैदानात राष्ट्रीय स्पर्धा चालू असताना, वरच्या उतारावर एक रशियन स्कीपटू गेला. त्याच्या सोबत्यांना वाचवता आलं.

तिन्ही तारखा फेब्रुवारीतल्या आहेत, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. बर्फ सगळ्यांत आकर्षक असतो तेव्हाच तो सगळ्यांत अस्थिर असतो. गोंडोलाजवळचा ठरावीक पट्टा गस्तीपथकं तपासतात, हिमवर्षाव जास्त झाला किंवा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, आणि मग खालच्या रांगेतून तक्रारीचा सूर उठतो. तिकीट काढलंय, मुंबईहून आलोय, ऊन तर पडलंय, मग बंद का? ऊन पडलंय हेच कधीकधी बंद ठेवण्याचं कारण असतं, हे खिडकीमागच्या कर्मचाऱ्याला दिवसातून शंभरदा सांगावं लागतं. वर जाणारे जाणकार अंगावर संदेश पाठवणारं छोटं यंत्र बांधतात, पाठीवर फावडं आणि लांब सळई ठेवतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर बहुधा वाचतो. त्यानंतर शक्यता झपाट्यानं घटते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. म्हणून तिथे सोबत्याची निवड उताराच्या निवडीइतकीच विचारपूर्वक केली जाते.

याच मैदानात वाढलेली दोन मुलं ऑलिंपिकला गेली. गुल देव यांनी १९८८ मध्ये कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. आरिफ खान २०२२ मध्ये बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू होता. तिरंगा त्याच्याच हातात होता. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीचं दुकान, त्यामुळे चार वर्षांचा असतानाच तो स्कीवर उभा राहिला. जायंट स्लॅलम या स्कीशर्यतीत तो ४५ वा आला. वर्षातून जेमतेम तीन महिने बर्फ असणाऱ्या गावातून निघून, उरलेला सराव परदेशात पैसे मोजून करणाऱ्या खेळाडूच्या हिशेबात हा क्रमांक कमी नाही. खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या शर्यतींत आता स्की माउंटेनिअरिंगही आहे. या शर्यतीत स्पर्धक पट्ट्या लावलेल्या स्कीवर पळत चढतो, वर पट्ट्या ओरबाडून काढतो आणि खाली झेपावतो. घड्याळ चढतानाही चालूच असतं. दोरवाल्यांच्या पोरांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

चढ-उताराचा हा सगळा खेळ माणसं आली तरच चालतो. २२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमध्येच, पहलगामजवळच्या बैसरणमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते. २५ पर्यटकांसोबत मारला गेलेला सव्विसावा माणूस स्थानिक घोडेवाला होता. दुसऱ्या दिवसापासून परतीच्या विमानांना जागा पुरेना आणि पुढे काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं बंद करण्यात आली. मराठी घरांत आता काश्मीरचा विषय निघाला की आधी एक शांतता पसरते, मग कुणीतरी हलकेच विचारतं, जायचं का? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घर आपापल्या परीनं देतं, आणि कुठल्याच उत्तराला नावं ठेवता येत नाहीत. दोर खांद्यावर घेऊन उभा असलेला माणूस मात्र दोन्हीकडून सापडतो: बर्फ आला नाही तरी त्याची फळी भिंतीला, आणि बर्फ असून माणसं आली नाहीत तरी भिंतीलाच.

मार्च उजाडला की बर्फाचा स्वभाव पालटतो. रात्री तो कडक गोठतो, सकाळी दहाच्या सुमाराला वरचा बोटभर थर मऊ पडतो आणि दुपारी सगळ्याचा चिखल होतो. स्कीवाले सकाळी दोन-तीन तास साधून घेतात आणि दुपारी कहव्याचे पेले घेऊन उन्हात पाय पसरतात. टंगमर्गशेजारच्या द्रंगमध्ये हिवाळाभर गोठून लोंबणारा धबधबा आता तुकड्यातुकड्यांनी खाली येतो. परदेशी मंडळी बोऱ्याबिस्तरा आवरतात. त्यांच्या जुन्या स्की, हातमोजे, कधी बूटही शिकवणाऱ्यांकडे राहतात आणि पुढच्या हंगामात भाड्याच्या दुकानात दिसतात. श्रीनगरची ट्यूलिप बाग मार्चअखेर उघडते आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडचा भाव रातोरात डोंगराकडून सरोवराकडे वळतो.

त्याच सुमाराला दादरच्या आणि डेक्कनच्या टूरवाल्यांच्या कार्यालयांत परीक्षा संपत आलेल्या मुलांचे पालक येऊन बसतात. समोर मे महिन्याचं वेळापत्रक पसरलेलं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: तेव्हा बर्फ मिळेल ना? मिळेल, असं सांगितलं जातं, गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, सावलीतल्या घळींत. गोंडोलाचं तिकीट वेगळं, ते आधीच ऑनलाइन काढायचं. संपलं तर खिलनमर्गपर्यंत घोडा करायचा. घोड्याचे किती, असं विचारलं जातं. त्यावर टेबलामागचा माणूस चहाचा पेला बाजूला ठेवतो आणि सांगतो, की दरफलकावर एक आकडा आहे, पण प्रत्यक्षात ते तिथे गेल्यावर बोलूनच ठरतं.